नेट लावलं की लिनक्स लॅपटॉप हँग होतो? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

लॅपटॉप एरवी नीट चालतो. फाइली उघडतात, लिब्रेऑफिसमध्ये टायपिंग होतं, पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ दिसतो. पण नेट जोडून ब्राउझर उघडला की कधी पाच मिनिटांत, कधी तासाभराने पडदा आहे तसा थांबतो. माऊस हलत नाही, काही दाबलं तरी फरक पडत नाही, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. परत चालू केला की थोडे दिवस बरा, मग पुन्हा तेच.

अमळनेर, चोपडा, पारोळा या पट्ट्यातून अशी मशिनं माझ्याकडे सतत येतात. बहुतेक पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून निघालेली, जुनी पण दणकट. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, विंडोज ११ या मशिनांवर बसत नाही, म्हणून पोरांनी लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घेतलं. निर्णय चांगलाच आहे. पण पहिल्यांदा हँग झाला की शेजारचा कोणीतरी सांगतोच, "फॉरमॅट मार, परत टाक." फॉरमॅटनंतर काही दिवस बरं वाटतं, कारण ब्राउझर रिकामा असतो, टॅब कमी असतात. रॅम तेवढीच राहते, वायफाय कार्ड तेच राहतं, ड्रायव्हरही बहुधा तोच परत येतो. मधल्या मध्ये पोरांच्या नोट्स आणि फोटो मात्र जातात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नेट लावतो तेव्हा मशिनच्या आत एकदम चार कामं सुरू होतात. वायफाय कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, जागा होतो. ब्राउझर रॅम खायला लागतो. पानं आणि व्हिडिओ रंगवायला ग्राफिक्स चिप कामाला लागते. आणि ब्राउझर आपली कॅशे, म्हणजे पानांच्या तात्पुरत्या प्रती, डिस्कवर लिहीत राहतो. यांतलं कुठलंही एक अडलं तरी आपल्याला बाहेरून दिसतं एकच: नेट लावलं आणि हँग झाला. त्यामुळे उपाय शोधण्याआधी या चौघांना एकमेकांपासून वेगळं करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मशीन वापरून बघायचं. पाच उपाय एकदम केले तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर परत बिघडलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.

हँग झाला त्या क्षणी काय बघायचं

पॉवर बटणाकडे हात नेण्याआधी दोन मिनिटं थांबा. याच दोन मिनिटांत सगळ्यात जास्त माहिती मिळते.

आधी कॅप्सलॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे का? लागत असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे, वरचा पडदा फक्त अडकलाय. दिवा अजिबात बदलत नसेल तर कर्नलही थांबलाय असं समजायला हरकत नाही. आणि तो आपोआप लुकलुकत असेल तर ते कर्नल पॅनिक आहे, म्हणजे कर्नलने मोठ्या चुकीमुळे हात टेकले. अशा वेळी रॅम कमी पडली असं समजून बसू नका, संशय ड्रायव्हर किंवा हार्डवेअरवर घ्या.

मग डिस्कचा दिवा बघा, लॅपटॉपला असेल तर. एकसारखा लागलेला राहिला, हार्ड डिस्कची कुरकुर ऐकू येत राहिली, माऊसचा बाण दहा-पंधरा सेकंदांनी एक उडी मारतोय, तर रॅम भरली आहे. दिवा विझलेला, बाण मेल्यासारखा आणि चालू असलेल्या गाण्याचा एक तुकडा घरघर करत तोच तोच वाजतोय, तर मामला वेगळा आहे: ड्रायव्हर, ग्राफिक्स किंवा प्रोसेसर.

तिसरं, कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं. काळा पडदा येऊन लॉगिन मागितलं तर फक्त डेस्कटॉप अडकला होता. तिथे लॉगिन करून ‘टॉप’ चालवा, कोण रॅम खातंय ते वरच दिसेल. परत डेस्कटॉपवर जायला कंट्रोल-आल्ट-एफ७, किंवा एफ१, एफ२ करून बघा. प्रत्येक डिस्ट्रोचं, म्हणजे मिंट, उबुंटू अशा लिनक्सच्या प्रत्येक प्रकाराचं, थोडं वेगळं असतं.

बंद करायची वेळ आलीच तर बटण दाबून धरण्याआधी हे करा: आल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून ठेवून एस, मग यू, मग बी, प्रत्येकीमध्ये दोन-तीन सेकंद थांबून. एस म्हणजे डिस्कवर लिहायचं राहिलेलं सगळं लिहून टाक, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेव, बी म्हणजे रीबूट. जुन्या लेखांत आर-ई-आय-एस-यू-बी अशी सहा अक्षरं सांगितलेली असतात. उबुंटूमध्ये ही सोय मुळात १७६ या आकड्यावर ठेवलेली असते, त्यात फक्त शेवटच्या तीनच चालतात. तेवढं पुरतं. आपल्याकडे आधीच वीज कधी जाईल याचा नेम नसतो, बॅटरी मेलेल्या मशिनांना तसाच झटका बसतो. त्यात आणखी रोज बटण दाबून बंद केलं तर फाइल सिस्टिम खराब होते आणि मूळ आजार शोधणं अजून अवघड होतं.

चौघांना वेगळं करायच्या चाचण्या

पहिली: ब्राउझर बंद ठेवा, वायफाय चालू ठेवा आणि टर्मिनलमधून ‘डब्ल्यूगेट’ने एखादी मोठी फाइल उतरवा. लिनक्स मिंटचीच आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) चालेल, तीनेक जीबीची असते. रॅम जवळपास रिकामी, ग्राफिक्सला काम नाही, फक्त कार्ड आणि डिस्क राबतायत. यात हँग झाला तर ब्राउझरला दोष देणं सोडा.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची: वायफाय पूर्ण बंद करा आणि मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला देणं) चालू करा. हॉटस्पॉट चालणार नाही, कारण त्यात लॅपटॉपचं वायफायच वापरलं जातं. वायफाय बंद करायला टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल ब्लॉक वायफाय’. केबलने जोडलेला फोन लिनक्सला साध्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. आता नेहमीसारखं काम करा, तेच टॅब, तोच व्हिडिओ. एरवी दिवसातून दोनदा अडकणारं मशीन असं दोन-तीन दिवस सलग चाललं तर चोर वायफायच्या घरात आहे. तरीही अडकलं तर वायफाय सुटलं.

तिसरी: नेट पूर्ण बंद, डिस्कवरचा एखादा व्हिडिओ व्हीएलसीमध्ये मोठ्या पडद्यावर तासभर लावा. यात अडकलं तर नेटचा संबंधच नाही. ग्राफिक्स, प्रोसेसर किंवा उष्णता.

एवढं केलं की दहातल्या आठ वेळा दिशा कळते.

रॅम: ४ जीबीच्या मशिनांचं मुख्य दुखणं

अमळनेर तालुक्यातल्या एका गावाहून एक काका मुलीचा लॅपटॉप घेऊन आले होते. पोरगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. काका म्हणाले, "नेट चालू व्हयनं का थांबी जास, भाऊ." मुलीने मात्र नीट सांगितलं: "दादा, लेक्चर लावून बाजूला पीडीएफ उघडली आणि अर्जाचं पान उघडलं की अडकतो. नुसतं लेक्चर असेल तर नाही अडकत." असं सांगणारा माणूस भेटला की अर्धं काम तिथेच होतं.

मी सिस्टिम मॉनिटर उघडून बाजूला ठेवला आणि तिला रोजच्यासारखं काम करायला सांगितलं. ४ जीबीतले ग्राफिक्सचे वगैरे वजा जाऊन ३.७ दिसत होते. डेस्कटॉप चालू झाल्यावर एक जीबीच्या आसपास गेलेलेच. लेक्चरचा टॅब, अर्जाचा टॅब, दोन पीडीएफ, बातम्यांचं एक पान, व्हॉट्सअॅप वेब. रेघ वर वर चढत गेली आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ एका सेकंदावर थांबलं. डिस्कचा दिवा लागला तो विझेना. कॅप्सलॉकचा दिवा मात्र दाबल्यावर, उशिराने का होईना, बदलत होता.

रॅम भरत आली की कर्नल आधी चालू प्रोग्रामच्या कोडची पानं (रॅममधले छोटे तुकडे) रॅममधून काढून टाकतो, कारण ती डिस्कवर असतातच, हवी तेव्हा परत वाचता येतात. पण प्रोग्राम तर चालूच आहे, त्याला तीच पानं पुढच्या क्षणी परत लागतात. मग दुसरी काढायची, ही वाचायची, परत ती काढायची. लॅपटॉपची ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क अशी इकडची-तिकडची वाचनं सेकंदाला शंभराच्या आतच करू शकते. त्यामुळे सगळं मशीन डिस्कची वाट बघत बसतं. स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची राखीव जागा, नसली तरी हे होतं. स्वॅप काढून टाकली की हँग थांबेल, हा सल्ला चुकीचा आहे. कर्नलमध्ये ओओएम किलर नावाची सोय आहे, रॅम अगदीच संपली की तो एखादा प्रोग्राम मारतो. पण कर्नलला वाटत असतं की अजून थोडी पानं काढता येतील, म्हणून तो फार उशिरा येतो. तोवर माणूस बटण दाबून मोकळा झालेला असतो.

यावर दोन गोष्टी करा.

पहिली झेडरॅम. जिनिंगमध्ये सुटी रुई दाबून गाठ बांधतात, तसं हे रॅममधली न लागणारी पानं दाबून रॅममध्येच ठेवतं; साधारण दोन-तीन पट दाबली जातात. डिस्कवर जावं लागत नाही, म्हणून वेग टिकतो. लिनक्स कर्नलमध्ये ही सोय २०१४ पासून, ३.१४ या आवृत्तीपासून आहे आणि फेडोराने २०२० मध्ये ती सगळ्यांना आपोआप चालू करून दिली. मिंट आणि उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल झेडरॅम-टूल्स’ एवढं टाका. मग ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘डिफॉल्ट’मध्ये ‘झेडरॅमस्वॅप’ नावाची फाइल मिळेल. तिच्यात पर्सेंटच्या ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढून ५० ठेवा आणि रीबूट करा. ‘स्वॅपऑन’ आज्ञा दिल्यावर झेडरॅमचं नाव दिसलं म्हणजे काम झालं. डिस्कवरची जुनी स्वॅप असू द्या, झेडरॅम भरल्यावर ती वापरली जाते.

दुसरी ‘अर्लीओओएम’. हा छोटा प्रोग्राम रॅमवर लक्ष ठेवतो. उपलब्ध रॅम आणि मोकळी स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेल्या की सगळ्यात जास्त रॅम खाणाऱ्याला बंद व्हायला सांगतो, ५ टक्क्यांच्या खाली गेल्या तर सरळ मारतो. ब्राउझरमध्ये हे बहुधा एखाद्या टॅबवर निभावतं: टॅब पडतो, मशीन वाचतं. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल अर्लीओओएम’ केलं की आपोआप चालू होतो. उबुंटू २२.०४ पासून पुढे याच कामाचा ‘सिस्टिमडी-ओओएमडी’ सोबत येतो. दोन्ही एकत्र ठेवू नका, एकच ठेवा.

ब्राउझरलाही थोडी शिस्त लागते. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी ‘अबाउट:प्रोसेसेस’ लिहिलं की कुठला टॅब किती रॅम खातो ते दिसतं. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबा. दोनपैकी एकच ब्राउझर उघडा ठेवा. लेक्चर ४८०पी वर बघा. फळ्यावरची अक्षरं त्यात वाचता येतात आणि जुन्या प्रोसेसरवरचा भार बराच उतरतो.

आणि रॅम वाढवता येत असेल तर वाढवा. खालचं झाकण उघडून दुसरी जागा रिकामी आहे का ते बघा, किंवा ‘सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी’ने न उघडताच कळतं. ८ जीबी झाले की यातलं बरंचसं लागतच नाही. पण ज्याला आज अर्ज भरायचाय त्याने झेडरॅम आजच टाकावं, रॅम पुढच्या महिन्यात घ्यावी.

वायफाय: दिवा विझलेला आणि सगळं मेलेलं

त्या मुलीच्या लॅपटॉपचं रॅमचं दुखणं गेलं, पण महिनाभरात तिचा फोन आला: आता क्वचितच अडकतो, पण अडकला की काहीच चालत नाही, कॅप्सलॉकसुद्धा नाही. एकाच मशिनात दोन आजार असणं खूप सामान्य आहे. पहिला गेल्याशिवाय दुसरा नीट दिसत नाही, आणि लोक मात्र पहिला उपाय चुकला असं समजून तोही काढून टाकतात. तसं करू नका. तिला फोनवरच केबलने टेदरिंग करून वापरायला सांगितलं. आठवडाभर एकदाही अडकला नाही. कारण वायफायमध्ये आहे हे नक्की झालं.

बॅटरी वाचवण्यासाठी वायफाय कार्ड काम नसताना झोपतं, आणि ते ज्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने मदरबोर्डला जोडलेलं असतं तो मार्गही झोपवला जातो. या दुसऱ्या सोयीला एएसपीएम म्हणतात. नेटवरून डेटाचं पाकीट आलं की दोघांनी उठायचं. काही कार्डं वेळेवर उठत नाहीत, आणि कर्नलच्या आत उत्तराची वाट बघणारा ड्रायव्हर सगळ्या मशिनाला धरून ठेवतो. म्हणून ब्राउझर मारूनही उपयोग होत नाही.

आधी कार्ड कोणतं ते बघा: ‘एलएसपीसीआय -एनएनके’. नेटवर्क कंट्रोलर लिहिलेल्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं असतं, ते नाव कागदावर लिहून ठेवा.

मग सगळ्यात सोपा उपाय, कुठल्याही कार्डासाठी. ‘ईटीसी’मध्ये ‘नेटवर्कमॅनेजर’ (यातले एन आणि एम मोठे), त्यात ‘कॉन्फ.डी’ फोल्डर, त्यात ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ ही फाइल उबुंटू आणि मिंटमध्ये असते. आत ‘वायफाय.पॉवरसेव्ह = ३’ लिहिलेलं असतं. ३ म्हणजे झोप चालू, २ म्हणजे बंद. ३ चे २ करा आणि रीबूट करा. बॅटरी जरा लवकर उतरेल, बाकी तोटा नाही. त्या मुलीचं काम एवढ्यावरच भागलं.

न भागल्यास ड्रायव्हरप्रमाणे पुढे जा. ड्रायव्हरचं नाव ‘आरटीडब्ल्यू८८’ने किंवा ‘आरटीडब्ल्यू_’ने सुरू होत असेल, तर ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरात ‘वायफाय.कॉन्फ’ नावाची नवी फाइल करून तिच्यात एक ओळ लिहा: ‘ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१’. जुन्या ‘आरटीएल८७२३बीई’ ड्रायव्हरसाठी ओळ आहे ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एफडब्ल्यूएलपीएस=० आयपीएस=०’. इंटेलचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ असेल आणि लॉगमध्ये ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर’ दिसत असेल, तर ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज आणि कर्नल दोन्ही ताजे करा. ब्रॉडकॉम असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जो दुसरा पर्याय दिसतो तो निवडून बघा.

अपडेटनंतरच हा त्रास सुरू झाला असेल तर वेगळी परीक्षा आहे. चालू होताना शिफ्ट धरून ठेवा, नव्या मशिनांवर एस्केप दाबा, ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. त्यात ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल असतो, तो निवडून चार दिवस काढा. जुन्यावर बरं चाललं तर दोष नव्या कर्नलमधल्या ड्रायव्हरचा. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘लिनक्स कर्नल्स’ आहे, तिथून दुसरा कर्नल टाकता येतो.

यानेही जमलं नाही तर कार्ड बदला. लॅपटॉपातलं वायफाय कार्ड ही सुटी वस्तू असते, एक-दोन स्क्रू काढले की निघते. फक्त काही कंपन्यांचं बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) ठरावीक कार्डंच स्वीकारतं, ते आधी विचारून घ्या. नाहीतर लिनक्सवर आपोआप चालणारा यूएसबी वायफाय घ्या. दुकानात "लिनक्सवर चालतो का" एवढंच न विचारता आपल्याच लॅपटॉपवर लावून बघूनच पैसे द्या.

ग्राफिक्स

नेट असो-नसो, व्हिडिओवरच अडकत असेल तर इथे बघा. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्सखाली शिफारस केलेल्या सेटिंगची खूण काढा, मग हार्डवेअर अॅक्सिलरेशनची खूण दिसते, तीही काढा. क्रोममध्ये ही खूण ‘सिस्टिम’खाली असते. एवढ्याने बरं वाटलं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये. एनव्हिडियाची चिप असेल तर लिनक्ससोबत येणारा नूव्हो ड्रायव्हर काढून ड्रायव्हर मॅनेजरमधला शिफारस केलेला टाका.

एका प्रोसेसरबद्दल मुद्दाम लिहितो, कारण स्वस्त लॅपटॉपांत तो फार खपला: इंटेलचा बे ट्रेल. सेलेरॉन एन२८३०, एन२८४०, पेंटियम एन३५४० अशी नावं असतात. लिनक्सवर हे प्रोसेसर गाढ झोपेच्या अवस्थेतून उठताना सगळं मशीन गोठवतात, बहुतेकदा व्हिडिओ चालू असताना, आणि लॉगमध्ये एक ओळही राहत नाही. ही तक्रार कर्नलच्या दोषनोंदीत कित्येक वर्षं चालली. उपाय एका शब्दाचा आहे. ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल एका वेळेपुरताच असतो, म्हणून भीती नाही. फरक पडला तर ‘ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइलीत ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे तोच शब्द टाकून ‘सुडो अपडेट-ग्रब’ करा. बॅटरी कमी चालेल, पण मशीन चालेल. इंटेलच्याच इतर लॅपटॉपांवर पडदा मधूनमधून गोठत असेल तर याच पद्धतीने ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ करून बघा.

डिस्क आणि उष्णता

मिंटमधला ‘डिस्क्स’ प्रोग्राम उघडा, मेनूतून ‘स्मार्ट डेटा’ (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर असेल तर बाकी सगळं सोडून आधी फाइली दुसरीकडे काढून घ्या. अशी डिस्क ब्राउझरने कॅशे लिहायला घेतली की त्या खराब जागेवर अडते, आणि माणूस नेटला दोष देतो. जागा किती उरली तेही ‘डीएफ -एच’ने बघा, डिस्क काठोकाठ भरली तरी डेस्कटॉप अडकतो. डिस्क बदलायचीच असेल तर एसएसडी घ्या, रॅम भरल्यावरचा त्रासही त्याने बराच सौम्य होतो.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि जिनिंग असलेल्या गावांत पंख्याच्या जाळीत बारीक तंतूंचा थर बसतो. तरी हे लक्षात ठेवा: तापलेला लॅपटॉप सहसा मंद होतो किंवा धाडकन बंद पडतो, गोठून राहणं हे उष्णतेचं नेहमीचं लक्षण नाही. ‘सेन्सर्स’ आज्ञा देऊन बघा. प्रोसेसर ९५-१०० अंशांवर खेळत असेल तर आधी सफाई करून थर्मल पेस्ट बदला, मग बाकीच्या चाचण्या.

लॉग आणि मदत मागणं

हँग होऊन पुन्हा चालू केल्यावर लगेच ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ द्या आणि शिफ्ट-जी दाबून शेवटाला जा. ही मागच्या वेळची कर्नलची नोंद. ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं तर रॅम. ‘जीपीयू हँग’ दिसलं तर ग्राफिक्स. ‘एटीए’पुढे ‘फेल्ड कमांड’ असेल तर डिस्क किंवा तिची केबल. ‘पीसीआयई बस एरर’च्या शेकडो ओळी असतील तर वरचा एएसपीएमचा भाग परत वाचा, या ओळी इतक्या साठतात की कधीकधी डिस्कच भरून जाते. आणि नोंद साध्यासुध्या ओळीवर अचानक तुटली असेल तर कर्नल लिहिण्याआधीच थांबला. तेव्हा संशय वायफाय किंवा बे ट्रेलसारख्या दोषावर जास्त. त्यातूनही काही सापडलं नाही तर रात्री मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून झोपा, एखादी खराब रॅमची पट्टी सकाळी लाल ओळींत दिसेल.

कोणाला विचारायचं झालं तर "लॅपटॉप हँग होतो" एवढंच लिहू नका. मिंटमध्ये ‘इन्क्सी -एफएक्सझेड’ (यातला एफ तेवढा मोठा) दिलं की मशिनाची पूर्ण माहिती निघते. त्यात ‘झेड’मुळे पत्ते वगैरे खासगी गोष्टी झाकल्या जातात. ती जोडा. सोबत चार गोष्टी लिहा: हँग झाला तेव्हा कॅप्सलॉक चालत होता का, डिस्कचा दिवा कसा होता, केबलच्या टेदरिंगवर काय झालं, आणि मागच्या नोंदीच्या शेवटच्या वीसेक ओळी.